कासम सारंगांचा शेरा

दवाखाना तपासायला येणारा माणूस पुढच्या दारानं येतो, अशी नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत माझी समजूत झाली होती. कासम सारंग मागच्या खिडकीशी येऊन उभे राहिले, आणि चांगले दीड तास तिथंच उभे होते.

मी तेव्हा रेवदंड्याच्या खाडीकाठच्या एका गावी लोकल बोर्डाच्या दवाखान्यात कंपौंडर होतो. गावाचं नाव सांगत नाही. त्या वेळची काही माणसं अजून आहेत, काहींची मुलं आहेत. साल तिसाच्या आगेमागे. तपासणी म्हणजे काय, ते आम्हाला पाठ होतं. आदल्या दिवशी फरशी सोड्यानं धुवायची, बाटल्यांवर नवी लेबलं चिकटवायची, टेबलावर परटाकडची चादर घालायची. पाहुणे येत, कपाटावरून बोट फिरवून धूळ बघत, शहाळं पीत आणि शेरेबुकात लिहीत, ‘दवाखाना स्वच्छ. औषधांचा साठा योग्य. समाधान वाटले.’ मग छकडा जोडून निघून जात.

दवाखान्याला पुढं पडवी होती. तिथल्या बाकांवर गावातली माणसं बसत आणि पाळीनं आत येत. मागं फणसाच्या झाडाकडं गजांची एक खिडकी होती. डोंगरावरच्या वाडीतले कातकरी, महारवाड्यातली माणसं, कधी मासळीची पाटी घेऊन आलेल्या कोळणी, हे सगळे त्या खिडकीवर. डॉक्टरांची खुर्ची पुढच्या दाराकडं तोंड करून. ते मान थोडी वळवून विचारत, “काय होतंय?” बाहेरून कुणी म्हणे ताप, कुणी खोकला, कुणी पोट. डॉक्टर म्हणत, “एक नंबर,” “दोन नंबर,” “तीन नंबर.” तापाचं, खोकल्याचं आणि पोटाचं अशी तीन मिश्रणं मोठ्या बाटल्यांत तयार असत. माणसानं आपली बाटली गजांतून पुढं करायची, मी वरून औषध ओतायचं, डोसांच्या खाचा पाडलेली कागदी पट्टी तिला चिकटवायला द्यायची. कुणाचा कुणाला हात लागत नसे. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. मी रुजू झालो तेव्हा असंच चालू होतं, आणि मीही तेच चालवलं.

त्या दिवशी खिडकीवर एक उंच, वाळका म्हातारा दिसला. लुंगी, त्यावर काळा कोट, कापलेली पांढरी दाढी, डोक्याला टोपी. डाव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. बोटीवर साखळीत सापडून गेली, हे नंतर कळलं.

“बाटली?” मी विचारलं.

“बाटली नाय आणली. बघायला आलोय.”

“काय होतंय?”

“मना काय नाय होत. ह्यांना होतंय. तुमचा चालू द्या.”

हे कासम सारंग. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींवर तीस वर्षं खलाशांचे मुकादम, म्हणजे सारंग. रंगून, एडन, थेट विलायतेपर्यंत जाऊन आलेले. म्हातारपणी गावी आले आणि मुसलमानांच्या राखीव जागेवर बोर्डात निवडून गेले. दवाखान्याची कमिटी कुणालाच नको होती, ती त्यांच्या गळ्यात पडली. हे सगळं मला डॉक्टरांकडून ऐकून माहीत होतं. माणूस मात्र तोपर्यंत जवळून पाहिला नव्हता. येणार आहोत, असं त्यांनी कळवलंही नव्हतं.

औषध घेऊन वळणाऱ्या प्रत्येक माणसाला ते अडवत आणि एकच गोष्ट विचारत, “डॉक्टर काय इचारला तुला?” माणूस गोंधळून सांगे, काय होतंय ते इचारलं. “आणखी काय?” आणखी काही नाही. “हात लावला? जीभ बघितली?” माणसं हसत. हात कोण लावणार?

एक कातकरीण आली. विशीच्या आतबाहेरची. बुधी तिचं नाव. खिडकीचा गज धरून उभी होती, डोळे तांबारलेले.

“ताप,” ती म्हणाली.

“किती दिवस?” डॉक्टर मान न वळवता म्हणाले.

“चार.”

“एक नंबर.”

मी ओतलं. ती वळली. सारंगांनी तिला विचारलं, “पोरी, आणखी काय होतंय?”

“पोटात दुकतंय.”

“कवाधरनं?”

“पोर झाल्यापास्न.”

“पोर कवा झाला?”

“आठ रोज झालं.”

हे मी ऐकलं. हातात मोठी बाटली तशीच होती. बाळंतिणीचा ताप म्हणजे काय, एवढं कंपौंडरलाही कळतं. आत डॉक्टर पोलीसपाटलांच्या मुलाची छाती तपासत होते, त्यांना ऐकू गेलं नसावं. मी तोंड उघडायच्या आत पुढचा माणूस बाटली घेऊन गजांशी आला, आणि मी त्याच्या बाटलीत ओतू लागलो.

खिडकीवरची गर्दी सरल्यावर सारंग वळसा घालून पुढं आले, वहाणा पडवीखाली काढल्या आणि आत येऊन डॉक्टरांना म्हणाले, “एक बाळंतीण तापानं फणफणलेली हाय. तिला बघा.”

डॉक्टर म्हणाले, “सारंग, तुम्ही दवाखाना तपासा. रोगी तपासायला मी आहे.”

“त्येच बघायला आलोय. तपासलात नाय.”

डॉक्टरांचा चेहरा तांबडा झाला. पण ते वाईट माणूस नव्हते. मला म्हणाले, “लेले, बोलवा तिला.” मी खिडकीशी गेलो. शेताच्या बांधावर, दूर, तिचं लुगडं दिसत होतं. हाक मारली असती तर कदाचित ऐकू गेली असती. पळत गेलो असतो तर नक्की गाठली असती. मी परत येऊन म्हणालो, “गेली.”

“उद्या आली तर पाठवा,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांना कुणाच्या घरी बोलावणं होतं, ते छत्री घेऊन निघून गेले.

राहिलो आम्ही दोघं आणि शेरेबुक. सारंगांना उर्दू लिहिता-वाचता येई, मराठी अक्षर येत नव्हतं. “मी सांगतो, तुम्ही लिवा,” म्हणाले, आणि बाकावर मांडी घालून सांगू लागले. कागद नाही, टिपण नाही. खिडकीवर आलेली एकूण एक माणसं त्यांना लक्षात होती. कुणाला तीन महिने खोकला आहे आणि रक्त पडतं, कुणाच्या पोराच्या कानातून पू येतो, कुणाला कुठलं औषध मिळालं. डॉक्टर खुर्चीवरून उठले नाहीत. कंपौंडरनं विचारलं नाही. बुधी कातकरीण आठ दिवसांची बाळंतीण आहे, तिला तापाचं साधं औषध दिलं, तिला डॉक्टरनं वाडीवर जाऊन बघावं. असं सगळं. मधेच त्यांची एक म्हणही येऊन गेली, जी पुढं मी शंभरदा ऐकली: “कप्तान पितळ बघतो, सारंगानं तळ बघायचा. पितळ चमकतंय म्हणून बोट तरत नाय, कंपौंडर.”

मी मान खाली घालून लिहीत होतो. काय लिहीत होतो, तेही सांगतो. ‘दवाखाना स्वच्छ आहे. औषधांचा साठा योग्य आहे. रोग्यांची आपुलकीने विचारपूस होते.’

का केलं असं? मला कुणी दम दिला नव्हता. आदल्या वर्षी माझ्या मुलाला विषमज्वर झाला, तेव्हा ह्याच डॉक्टरांनी एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ आमच्या घरी येऊन त्याला वाचवला होता. त्याच्या कपाळावरच्या पट्ट्या त्यांनी स्वतःच्या हातानं बदलल्या होत्या. ज्या हातानं माझं पोर वाचवलं तो हात दुसऱ्या कुणाला लागत नाही, हे मी कसं लिहू? असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. त्यात थोडं खरं होतं. उरलेलं खरं असं, की त्या शेऱ्यात माझंही नाव होतं आणि नोकरीतल्या दोन खोल्यांत माझा संसार होता.

“वाचा बघू,” सारंग म्हणाले.

मी शेरेबुक हातात धरलं आणि त्यांनी सांगितलेलं सगळं, त्यांच्याच क्रमानं, घडाघडा वाचून दाखवलं. नजर माझ्या तीन ओळींवर होती; पान भरलेलं दिसावं म्हणून त्या मी मोठ्या अक्षरांत ऐसपैस पसरल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, दोनदा मान हलवली, आणि खाली उजवीकडून डावीकडं आपली सही केली.

पाच-सहा दिवसांनी बुधीचा नवरा खिडकीवर आला. बाटली पुढं केली. तीत दोन डोस शिल्लक होते, माझी पट्टी तशीच चिकटलेली.

“घे,” तो म्हणाला. “दुसऱ्या कुणाला व्हईल.”

“बुधी?”

“गेली परवा. प्वार बी गेला.”

मी आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “तपासली असती तरी वाचली असतीच असं नाही, लेले. त्या तापाला औषध नाही.” हे त्या काळी खरंच होतं. खरं होतं म्हणूनच ते वाक्य इतकी वर्षं मनातून जात नाही. आम्ही जे केलं नाही त्याला त्यानं पांघरूण मिळालं.

दोन महिन्यांनी तालुक्याच्या गावी बोर्डाची बैठक होती. औषधांची मागणी आणि दवाखान्याची दप्तरं घेऊन मला जावं लागलं. मी दाराशी उभा होतो. सारंग उठले आणि अध्यक्षांना म्हणाले, “मी शेरा लिवला त्याचा काय केलात? बाई मेली.”

अध्यक्षांनी शेरेबुक मागवलं, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं. “दवाखाना स्वच्छ आहे. औषधांचा साठा योग्य आहे. रोग्यांची आपुलकीने विचारपूस होते.” खाली सारंगांची सही. सभेत हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, “सारंगसाहेब, स्वतःचा शेरा विसरलात होय?”

सारंग उभेच होते. त्यांनी हळूहळू मान फिरवली आणि दाराशी मला पाहिलं. मी नजर खाली घातली. आता नाव घेतील, आता घेतील, म्हणून मी उरलेली दप्तरं छातीशी धरली. 

“व्हय,” ते म्हणाले. “विसरलो. म्हातारा झालो.” आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दवाखाना बंद असताना, ते माझ्या दारात आले. काखेत पोरांची असते तशी पाटी. मी काही बोलायला गेलो तर अर्ध्या बोटांचा हात वर करून त्यांनी थांबवलं.

“त्ये बोलायचा नाय. मना लिवायला शिकव.”

आजवर मला तुम्ही म्हणत होते. त्या दिवसापासून तू झालं.

“चाचा, दुसरा कुणी मास्तर बघा. मी कुठल्या तोंडानं शिकवू?”

“ज्याला खोटा लिवायला येतंय त्याला खरा पण येतंय,” ते म्हणाले. “आणि मास्तर मना कशाला पायजे? मना शेरा लिवायचाय. शेरा तुलाच येतो.”

त्यात टोमणा नव्हता. मी त्यांच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं; नव्हताच. एवढी गोष्ट त्यांनी एकदा बोलून दाखवली, पुन्हा कधी काढली नाही. त्यानं मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. रोज दुपारी ते पाटीवर वाकलेले असत आणि मी समोर बसून त्यांच्या टोपीकडं बघत असे.

उर्दूची सवय, त्यामुळे पहिले पंधरा दिवस ओळ उजवीकडूनच सुरू करत. काना-मात्रा बऱ्या जमल्या, वेलांटीनं फार दमवलं. “ही रांड पुढं का माघारी?” असं वैतागून विचारत, मग जीभ चावत आणि तोबा म्हणत. गिरवायला पुस्तक नको म्हणाले. कपाटातल्या बाटल्यांवरची लेबलं वाचायला शिकले. मधेच समुद्राच्या गोष्टी निघत. एकदा सांगितलं, “बोटीवर एक बंगाली खलाशी होता, खाली भट्टीत कोळसा टाकणाऱ्या आगवाल्यांत. ताप आला. डॉक्टर गोरा. वरनंच म्हणला, कामचुकार हाय, खाली धाडा. मी धाडला. मीच धाडला, कंपौंडर, हुकूम होता. संध्याकाळी त्याला समुद्रात टाकला. त्याचा नाव मना तेव्हा ठाव नव्हता. नंतर इचारून घेतला.” नाव काय, ते त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. पण हे दवाखान्याच्या खिडकीशी दीड तास उभं राहणं कुठून आलं, ते त्या दिवशी थोडं समजलं.

पुढल्या थंडीत ते पुन्हा तपासणीला आले. आधीसारखेच मागच्या खिडकीवर. ह्या वेळी डॉक्टरांना कळलं होतं. ते ताठ बसून राहिले, पण सवय मोडून उठणं त्यांना जमलं नाही. त्या दिवशी उठणं म्हणजे हार मानणं झालं असतं. खिडकी आटोपल्यावर सारंग आत आले, शेरेबुक पुढं ओढलं आणि माझ्याकडून टाक मागून घेतला. पाच ओळींना त्यांना पाऊण तास लागला. मी आणि डॉक्टर दोघंही तिथंच होतो. टाकाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.

‘खिडकिवर एकोनिस मानुस आला. डॉकटर उटला नाय. हात लावला नाय. मागल्या साली बुधि कातकरिन मेली. मी आदी सांगीतला होता. कासम.’

डॉक्टरांनी वाचलं. मग माझ्याकडं बघून विचारलं, “तुम्ही शिकवलंत?”

“हो.”

ते उठले. आत जाऊन हात धुतले आणि घरी गेले.

त्या शेऱ्यावर चौकशी निघाली. एक अंमलदार आले, त्यांनी मला एकट्याला समोर बसवलं आणि विचारलं, “हे लिहिलंय ते खरं आहे का?”  मी म्हणालो, “खरं आहे. आणि बाटली देणारा मी होतो.” आधीच्या तीन ओळी कुणी लिहिल्या, ते त्यांनी विचारलं नाही, आणि ते मी आपण होऊन सांगितलंही नाही. तिथं मी पुन्हा एकदा कमी पडलो.

डॉक्टरांची लांब बदली झाली. निघायच्या दिवशी सारा गाव पडवीत जमला होता. हार घातले, बायका रडल्या. छकड्यात चढताना त्यांनी माझ्या मुलाला जवळ बोलावलं, सवयीनं त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि मला म्हणाले, “ह्याला लोह चालू ठेवा.” एवढंच. रागाचा एक शब्द बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. एक महिना गेला, दोन गेले. पाऊस सरून हिवताप सुरू झाला, घरटी एक आजारी. डॉक्टर नाही. मी एकटा कोयनेल वाटत होतो आणि मला कळत नाही असं जे काही येई, त्याला अलिबागचा रस्ता दाखवत होतो. सगळ्यांना तो रस्ता पार होत नसे. पलीकडच्या आळीतला वाण्याचा मुलगा छकड्यातच गेला. त्याच्या आईनं सारंगांच्या अंगणात उभं राहून तळतळाट दिले. “तुझ्या शेऱ्यानं माझं पोर खाल्लं!” ते बाहेर आले, खाली मान घालून शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि ती गेल्यावर आत गेले. त्यांच्या जमातीतली माणसंही तुटून वागू लागली. डॉक्टर त्यांच्या बायकांना घरी येऊन तपासत असत. आता त्यांना कोण बघणार? नमाजाला गेल्यावर शेजारची जागा रिकामी राहते, असं त्यांनी मला एकदा हसत हसत सांगितलं. ते हसणं चांगलं नव्हतं.

ते रोज दवाखान्यात येत. खिडकी मी बंद करून टाकली होती. डॉक्टरच नाही म्हटल्यावर सगळ्यांना पुढच्या पडवीत घेत होतो. ते माझ्या मोठेपणानं नव्हे, एकट्याला दोन्हीकडं पुरं पडत नव्हतं म्हणून. सारंग बाकावर बसून प्रत्येकाला विचारून ठेवत: कवाधरनं, कुठं, खाल्ला काय. मग मला सांगत. आठवड्यातून एकदा तालुक्याला जात, बोर्डात जाऊन डॉक्टर मागत. कधी छकडा मिळे, कधी चालत. साहेब भेटले नाहीत तर कचेरीच्या पायरीवर बसून राहत.

“काय म्हणाले?” मी विचारी.

“बघतो म्हणलं. बघू दे. मी बी बघतो.”

असे सात महिने गेले. पुढल्या पावसाच्या सुरुवातीला ते असेच गेले होते. परत येताना ओढ्याला पाणी आलं, तीन तास भिजत काठावर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरून बोलावणं आलं.

छातीच्या उजव्या बाजूला कफ भरला होता. मला जेवढं येत होतं तेवढं मी केलं. छातीवर अळशीचं गरम पोटीस बांधलं, मिश्रण दिलं, दिवसातून चारदा जाऊन नाडी पाहिली. अलिबागला नेऊ म्हटलं, तर रस्त्यानं छकडा जात नव्हता आणि खाडीत होडी घालायला कुणी धजत नव्हतं. त्यांची बायको जैनबचाची शेगडीवर फडकी गरम करून देई, मी ती त्यांच्या छातीवर ठेवी. घरी येऊन मी आंघोळ करत असे. हेही सांगायला हवं.

पाचव्या दिवशी ताप थोडा उतरला आणि ते शुद्धीवर होते. मी विचारलं. विचारायला नको होतं, पण पुन्हा वेळ मिळेल असं वाटत नव्हतं. “चाचा, शेरा लिहिला त्याचा पस्तावा होतो?”

ते छपराकडं बघत होते. “व्हय,” म्हणाले. “रोज होतो. अर्धा डॉक्टर होता, मी तो बी घालवला. वाण्याचा पोर माझ्या डोळ्यांपुढनं जात नाय.”

“मग लिहायला नको होता?”

“लिवला त्यातला एक अक्षर खोटा नव्हता.” बराच वेळ त्यांना धाप लागली. “दोन्ही कसा बरोबर, ते मना नाय ठाव. तू शिकलेला हायस. तुला ठाव हाय?”

मी म्हणालो, नाही.

“मंग सोड,” ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

मी त्यांचा हात हातात घेऊन बसलो होतो, नाडीसाठी. मोजणं केव्हाच थांबलं होतं. म्हणालो, “चाचा, त्या दिवशी मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं.” पहिल्यांदाच तोंडानं म्हणालो. त्यांनी डोळे उघडले नाहीत. ऐकलं की नाही, कळलं नाही.

सातव्या दिवशी पहाटे ते गेले. जनाज्याला जमातीतली माणसं आली, आधी न बोलणारीही आली. डोंगरावरून कातकरी उतरले होते. ते कबरस्तानाच्या दगडी गडग्याबाहेर पावसात उभे होते. बुधीचा नवरा त्यांत होता. मीही त्यांच्याच शेजारी उभा राहिलो; आत जावं की नाही, मला ठरवता येईना.

तीन आठवड्यांनी नवा डॉक्टर आला. तरुण होता, बरा होता, माणसांना हात लावी. गाव म्हणालं, बोर्डानं ह्या वेळी माणूस चांगला दिला. कासम सारंगांचं नाव कुणी काढलं नाही.

चाळिसावा दिवस झाल्यावर, पावसानं उघडीप देऊन ऊन पडलं तेव्हा, मी जैनबचाचींना भेटायला गेलो. त्या मुरुडला मुलीकडं कायमच्या जायला निघाल्या होत्या. सामान बांधून ओटीवर ठेवलेलं. मला बघून डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाल्या, “या, उस्ताद.”

मी दचकलो. त्या म्हणाल्या, “ते तुम्हाला घरात उस्तादच म्हणायचे. या वयात मला अक्षर शिकवलं म्हणायचे. रोज रात्री पाटी घेऊन बसायचे, मी हसायची.”

म्हणजे त्यांनी घरात काही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. मी ओट्यावर बसून राहिलो.  चाची आत गेल्या आणि लख्ख घासलेला तांब्या आणि पेला घेऊन आल्या. “उन्हातून आलात. पाणी घेणार ना?”

“आत्ताच पिऊन निघालो,” मी म्हणालो.

जीभच म्हणाली ते. माझ्या बापाचीही जीभ असंच म्हणाली असती. चाची म्हणाल्या, “बरं,” आणि तांब्या आत घेऊन गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. हे उत्तर त्यांनी आयुष्यभर ऐकलं असणार.

मी निरोप घेऊन निघालो. घराभोवतीच्या वाडीच्या कुंपणापर्यंत गेलो. तिथं उभा राहिलो. पुढं पाऊल उचलेना. परत आलो तर दार लावलेलं, आत दुपारची नमाज चालली असावी. ओट्यावर बसलो. ऊन पायांवर आलं, मग गुडघ्यांवर आलं. कितीतरी वेळानं कडी निघाली.

“काय राहिलं का, उस्ताद?” चाचींनी विचारलं.

“पाणी राहिलं,” मी म्हणालो.